कात्री मध्येच ठेवायची नाही

३ ऑक्टोबर

धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांनी माणूस पत्र लिहितं तेव्हा आधी कशी आहेस वगैरे विचारतं, असा माझा समज होता. तू 'हाताचं कळलं' इथून सुरुवात केलीस आणि 'कागद सोबत जोडले आहेत' इथे संपवलंस. मधला मजकूर तुझ्या नवऱ्याने, बटणवाल्याने, सांगितलेला दिसतो. 'व्यवहार्य' हा शब्द तुझा नाही. लग्नाआधी तू तो एकदाही उच्चारला नव्हतास, आणि आपल्या दुकानात आजवर त्यावाचून कुणाचं अडलं नाही.

तर हात. माझा हात जागेवर आहे. खांद्यापाशी सुरू होतो, बोटांपाशी संपतो, मध्ये कोपर आहे. ते कोपर थोडं कुरकुरतं. पन्नाशीनंतर कुणाचं काय कुरकुरत नाही?

आपल्या दुकानातल्या काजवालीने तुला फोन केला, हे मला ठाऊक आहे. मी विचारलं नव्हतं. ती परवा सकाळी चपला काढता काढताच म्हणाली, "मोठ्या ताई, मी कुणाला फोनबिन केलेला नाही हं." इतकी वर्षं काजं करून तिला एवढंच जमतं: आधी भोक पाडायचं, मग त्याच्या कडेने टाके घालत बसायचं.

तुझं म्हणणं मी नीट वाचलं. दुकान दोघींच्या नावावर आहे. शेजारच्या चष्मेवाल्याला मधली भिंत पाडून आत यायचं आहे. कापणारीचाच हात गेला असेल तर शिवायला काही उरत नाही, तेव्हा सह्या करून मोकळं व्हावं. पण तू न्यायी असल्यामुळे (हा शब्द बहुधा तुझा) मला मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहेस. तोवर मी एक लांब कोट बाबांच्या रीतीने कापला, तर तू कागद फाडणार. नाही जमलं तर मी सही करायची.

बाबांच्या रीतीने! कोटाला कात्री लागली की शेवटचा तुकडा सुटेपर्यंत ती टेबलावर ठेवायची नाही. गिऱ्हाईक येवो, चहा येवो, कात्री हातातच. घराला आग लागली असती तर बाबांनी आधी पाठीचा भाग पुरा केला असता. आणि ही रीत तू मला शिकवतेस? तू? जी मशीनवर बसून बाबांची नक्कल करायचीस, एका हातात कात्री धरून दुसऱ्या हाताने नाक शिंकरायचीस?

अट मान्य आहे.

अक्षर वाकडंतिकडं आलंय. पेन खराब आहे.

तुझी भागीदार (मार्चपर्यंत तरी),
मोठी

&nbsp;

२४ ऑक्टोबर

धाकटीस,

पेन चांगलं आहे. डाव्या हाताने लिहिते आहे. तुला ते पहिल्याच ओळीत कळलं असताना पानभर टोमणे मारायची गरज नव्हती, पण ही आपल्या घराण्याची देणगी आहे, वाया घालवू नये.

खरं सांगायचं तर दुखणं गेल्या वर्षापासूनचं आहे. आधी बरणीचं झाकण. मग किटली. मग गिऱ्हाइकाशी हस्तांदोलन. एका वकिलाने हात असा दाबला की मी त्याच्या पँटची उंची चुकीची सांगितली. तो अजून घोट्याच्या वर पँट घालून कोर्टात उभा राहतो आणि लोक त्याला फॅशन समजतात.

डॉक्टर म्हणाला, "टेनिस एल्बो."

मी म्हटलं, "डॉक्टर, टेनिस मी फक्त टीव्हीवर बघितलंय, तेही कुणीतरी चॅनल बदलेपर्यंत."

तो हसला नाही. फार शिकलेला असावा.

तू लिहितेस की बटणवाल्याचा मावसभाऊ एक इंजेक्शन देतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस टुणटुणीत. मावसभावाला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, घेऊन झालं. जूनमध्ये. दुसऱ्या दिवशी मी खरोखर टुणटुणीत होते. दुखणं असं गेलं की ते कधी होतं का, हाच प्रश्न पडावा. म्हणून मी लगेच हॉटेलवाल्याची ऑर्डर घेतली, त्याच्या सगळ्या वाढप्यांचे आणि दारावरच्या माणसाचे कोट. जाड कापड, दोन-दोन थर एकदम कापले. बाबांच्या रीतीने, अर्थात. ऑगस्टमध्ये दुखणं परत आलं ते भाऊबंद घेऊन आलं. आता चहाचा कपही डाव्या हाताने उचलते. डॉक्टरला म्हटलं, आणखी एक टोचा. तो म्हणाला, "तेवढ्यापुरतं बरं वाटेल, पुढे पुन्हा हेच. व्यायाम करा." आणि चिठ्ठी देऊन फिजिओथेरपीला पाठवलं.

ते ठिकाण चपलांच्या दुकानाच्या वर आहे. जिना असा की गुडघेवाल्यांची परीक्षा तिथेच व्हावी. आत एक मोठा आरसा, भिंतीला लटकवलेले रंगीत रबरी पट्टे, फुगवलेले चेंडू. प्रौढ माणसांची बालवाडीच. माझ्या शेजारी एक गृहस्थ पांढऱ्या अर्ध्या चड्डीत बसले होते. ते खरोखरच टेनिस खेळतात. त्यांचं कोपर ठणठणीत आहे, टाच दुखते.

"काकू, या," असं कुणीतरी म्हणालं. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

ही व्यायामवाली. तिशीची असेल, उंच, केस असे बांधलेले की भुवया कायम वर. हातात एक लोखंडी मूठ देऊन म्हणाली, "दाबा." डाव्या हाताने दाबली तर काटा बराच वर चढला. उजव्याने दाबली तर काट्याने अंग झाडल्यासारखं केलं आणि परत झोपला.

"दुखतंय? दहापैकी किती?"

"दहापैकी म्हणजे?"

"शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं."

"आम्ही कपडे शिवतो. इंचात विचारा."

"बरं, किती इंच?"

ती चांगली आहे, पण एवढी हजरजबाबी असायला नको होती.

मी तिला म्हटलं, कोपरापाशी शिवण उसवली आहे, एवढंच ना? ती म्हणाली, उसवलेली नाही. मनगट उचलणारे स्नायू ज्या दोरीने कोपराच्या बाहेरच्या हाडाला धरलेले असतात ती दोरी थकली आहे. तिला आराम दिला तर ती आणखी नाजूक होते, आणि एकदम ओढलं तर चिडते. तिला थोडं थोडं वजन द्यायचं, महिनोन्‌महिने. "थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांत झालं पाहिजे, एवढं बघा."

"किती महिने?"

"तीन तरी. कदाचित जास्त."

मार्चअखेरपर्यंत मी मनात मोजून पाहिलं. तू मोजलंच असशील.

मोठी

&nbsp;

२० नोव्हेंबर

धाकटीस,

तुझा प्रश्न असा की मी सध्या कापत नसेन तर दुकान चालतं कसं. दुरुस्त्यांवर. चेन बदलणे, पँट आखूड करणे, ढेरी वाढलेल्यांना कमरेत जागा करून देणे. माणसं जाड होतात तोवर आपल्याला मरण नाही. काजवाली मशीनवर बसते. टाका तुझ्याइतका सरळ येत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तुम्हा दोघींचं फोनवर बोलणं होत नाही, तेव्हा तसा प्रश्नच येत नाही.

चष्मेवाला रोज येतो. काही म्हणत नाही, फक्त मधल्या भिंतीवर बोटाने टकटक करून बघतो. काल मी विचारलं, "आत कुणी आहे का?"

"नाही हो, भिंत पोकळ वाटते."

"भिंत भरीव आहे. आवाज दुसरीकडून येत असेल."

व्यायाम चालू आहे. टेबलाच्या कडेला हात ठेवायचा, तळवा खाली, मनगटापासून पुढचा भाग कडेबाहेर लोंबता. मुठीत वजन. व्यायामवालीने दुकानातून डंबेल आणायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे कापडावर ठेवायची लोखंडी वजनं आहेत, कागदी साचा हलू नये म्हणून ठेवतो ती. त्यातलं एक घेतलं. मनगट वर, मनगट खाली. सकाळी, दुपारी, दुकान बंद करताना. इतक्या निष्ठेने मी कधी काही केलेलं नाही, आणि इतका कमी उपयोग कशाचा झालेला नाही. कोपर सुजल्यासारखं वाटतं. सकाळी दुखणं शांत झालेलं असावं म्हणते ती. माझं सकाळी उठून माझ्या आधी दात घासून बसलेलं असतं.

काजवालीचं मत असं की हे सगळं पैसे काढायचे धंदे. तिच्या नणंदेच्या जावेला कोपराला पट्टा बांधून बरं वाटलं. मी पट्टाही बांधला. छान दिसतो. लोक विचारतात, "काय झालं?" मी सांगते, "टेनिस." कुणीही हसत नाही. सगळे मान हलवतात. माझ्याकडे बघून कुणाला त्यात अशक्य काही वाटत नाही, हा मी मान समजायचा की अपमान, ते ठरवते आहे.

बटणवाल्याचं बरं चाललं आहे, हे कळलं. तुझ्या लग्नात मी त्याच्याबद्दल जे बोलले ते अजून तुझ्या मनात आहे, हेही कळलं. 'कोट सोडून बटणामागे गेली' हे वाक्य मला आजही चांगलं वाटतं. ते माइकपाशी उभं राहून बोलायला नको होतं, हे त्या माइकवाल्याने सांगायला हवं होतं.

मोठी

&nbsp;

११ डिसेंबर

धाकटीस,

हसशील म्हणून सांगणार नव्हते. पण काजवाली सांगेलच, तेव्हा माझ्या तोंडून ऐक.

मी व्यायामवालीला जाऊन स्पष्ट बोलले. "बाई, तुमचा व्यायाम खोटा आहे."

"करून दाखवा."

टेबलाला हात लावला, वजन घेतलं, दात-ओठ खाऊन मनगट वर उचललं आणि सोडलं. पुन्हा उचललं, सोडलं. ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, खाली नेताना काय करता?"

"काय म्हणजे? सोडते."

"आणि वर नेताना?"

"उचलते! सगळा जोर लावून."

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? वर न्यायला डावा हात लावा. डाव्याने उजवं मनगट वर चढवा. मग डावा काढून घ्या आणि उजव्याने एकट्याने खाली न्या. हळू. अगदी हळू."

"ते तुम्ही सांगितलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, ती प्रस्तावना आहे."

खरंच वाटलं होतं, धाकटे. उचलणं म्हणजे काम. खाली नेणं म्हणजे काम संपलं. तिथे कोण लक्ष देतं? बाबांच्या टेबलापाशी वाढलेलं माणूस याखेरीज दुसरं काय समजणार? दीड महिना मी दुखऱ्या दोरीला हिसडे देत होते आणि जो भाग औषध होता तो टाकून देत होते. म्हणजे गोळी थुंकून वेष्टन गिळल्यासारखं.

टाच दुखणारे गृहस्थ आरशातून हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "माझंही तसंच झालं होतं." मला ते आधीपासून आवडत नव्हते.

मग तिने समोर बसवून करून घेतलं. खाली नेणं फार अवघड असतं. मनगट थरथरतं, मध्येच एक जागा अशी येते की हात सुटून पडेल असं वाटतं, तिथे पडू द्यायचं नाही. वजनही तिने कमी केलं. लोखंड काढून घेतलं आणि पाण्याची छोटी बाटली दिली. इतक्या वर्षांच्या कटरला पाण्याची बाटली! "दुखलं तर दहापैकी तीनपर्यंत चालेल. वर गेलं तर पाणी कमी करा." मी घरी येऊन पाणी कमी केलं. दोन घोट पिऊनच टाकले.

तर आजपासून पुन्हा पहिला धडा. मार्चअखेर आहे तिथेच आहे, तो काही सरकत नाही. तू सरकवशील का, असं मी विचारलेलं नाही.

मोठी

&nbsp;

९ जानेवारी

धाकटीस,

तू मुदत वाढवायला तयार आहेस, असं लिहिलंस. नको. बटणवाल्याने ते 'सवलत' या शब्दाने लिहायला लावलं नसतं तर कदाचित घेतलीही असती.

हे पत्र उजव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पूर्वीइतकंच वाईट आहे, म्हणजे प्रगती आहे.

किटली उचलता येते. बरणीचं झाकण अजून नाही. सकाळी दुखणं असतं, पण आता माझ्यानंतर उठतं. बाटली जाऊन लोखंड परत आलं. आता खांद्याचे आणि पाठीचेही व्यायाम दिले आहेत. मी विचारलं, "कोपराचं दुखणं आणि पाठीला शिक्षा का?" ती म्हणाली, "पाठ काम करत नाही म्हणून कोपराला दुप्पट करावं लागतं." मला आपलं दुकान आठवलं, पण त्यातलं कोण पाठ आणि कोण कोपर, यावर मी विचार केला नाही.

परवा ती दुकानात आली. तिला स्वतःसाठी कोट हवा होता. मी माप घेतलं (खांदे सुंदर आहेत, कुणाही कटरला मोह व्हावा) आणि म्हटलं, महिनाभराने या. ती म्हणाली, "कोटाची घाई नाही. तुम्ही कापता कशा ते बघायचंय." म्हणून मी जुन्या चादरीवर कापून दाखवलं.

ती टेबलाभोवती एक फेरी मारून आली. "हे टेबल कुणाच्या उंचीचं?"

"बाबांच्या."

"तुम्ही खांदा वर काढून कापता. पायाखाली काहीतरी घ्या." काजवालीने लगेच कापडाच्या गठ्ठ्यांखालची लाकडी फळी ओढून आणली. जणू इतकी वर्षं ती फळी घेऊन उभीच होती आणि कुणी विचारत नव्हतं. फळीवर उभी राहिले तर दुकान जरा वेगळं दिसलं. कपाटावर किती धूळ आहे ते कळलं.

मग ती म्हणाली, "थोडं कापून झालं की कात्री ठेवा. बोटं उघडा. मग परत घ्या."

"ठेवत नाही आम्ही."

"का?"

"रीत आहे. कोट पुरा होईपर्यंत कात्री ठेवायची नाही."

"कुणाची रीत?"

"बाबांची."

तिने कात्री उचलून तोलून पाहिली आणि सहज विचारलं, "त्यांचं कोपर कसं होतं?"

काजवालीने मशीन थांबवलं. मी म्हटलं, "त्यांना काही नव्हतं." मग सांगता सांगताच मला आठवत गेलं. चहा ते डाव्या हाताने प्यायचे. सकाळी आई कात्री कपाटातून काढून त्यांच्या हातात द्यायची. आपण दोघी ते बघून एकमेकींना कोपरखळ्या मारायचो, काय प्रेम आहे म्हणून. हस्तांदोलनाला ते उजवा हात पुढे करायचे नाहीत, नमस्कार करायचे; लोक म्हणायचे, किती नम्र मास्तर.

तुला यातलं काय आठवतं? मला खरंच विचारायचं आहे. टोमणा नाही.

मोठी

&nbsp;

२ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि मी सहसा कुणाचं काही तीनदा वाचत नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. तू त्यांना एकदा विचारलंस, बाबा, कात्री ठेवत का नाही, आणि ते म्हणाले, "ठेवली की परत उचलवत नाही गं." आणि वर म्हणाले, "मोठीला सांगू नकोस. तिला रीत आहे म्हटलं की बरं वाटतं."

हे शेवटचं वाक्य तू गाळू शकली असतीस.

मी आज दिवसभर त्या वाक्याशी भांडत होते. गिऱ्हाइकांशीही भांडले. चष्मेवाला भिंत वाजवायला आला तेव्हा त्याच्याशी नाही भांडले, त्यावरून त्याला बहुधा वाटलं की मी सही करणार. तो मला चष्मा फुकट देतो म्हणाला.

रीत नव्हती, दुखणं होतं. ते मी रीत म्हणून उचललं आणि त्यातून माझं स्वतःचं दुखणं तयार केलं, तेही त्याच कोपराला. आईने हातात द्यावी अशी सोय मला नव्हती, म्हणून माझं लवकर बाहेर आलं. बाकी घराणं तेच.

आता एक साधा प्रश्न. हे सगळं ठाऊक असताना तू अट तीच का घातलीस? मला हरवायचं होतं म्हणून, की मीच एक दिवस 'पण का?' असं विचारावं म्हणून? दोन्ही उत्तरं मला आवडणार नाहीत. पहिलं ऐकून राग येईल आणि दुसरं ऐकून तू शहाणी आहेस असं मान्य करावं लागेल. तेव्हा उत्तर पाठवू नकोस.

व्यायाम चालू आहेत. आता रबराचा एक जाड दांडा दिला आहे, तो पिळायचा आणि मग हळूहळू सुटू द्यायचा. इथेही पुन्हा तेच, सोडताना घाई करायची नाही. तो पिळताना मी कुणाचा गळा डोळ्यांसमोर आणते, हे तिने विचारलं नाही.

मोठी

&nbsp;

२६ मार्च

धाकटीस,

सोबतचं पार्सल नीट उघड. कात्रीने उघडू नकोस, आत कापड आहे.

आधी हाताचं. व्यायामवालीने परवा पुन्हा लोखंडी मूठ दाबायला दिली. उजवा हात डाव्याच्या जवळ आला आहे. बरोबरीला नाही, जवळ. ती म्हणाली, "यापुढेही आठवड्यातून काही दिवस व्यायाम चालू ठेवायचा." मी म्हटलं, "कधीपर्यंत?" ती म्हणाली, "कापणार कधीपर्यंत?" बरणीचं झाकण उघडतं. फार घट्ट असेल तर नाही. पण तसं काजवालीलाही उघडत नाही आणि तिला कुणी आजारी म्हणत नाही.

आता कोटाचं. काल कापला. काजवाली आज रात्रीपर्यंत शिवून देईल म्हणून हे पत्र आधी लिहून ठेवते आहे. लांब कोट, जाड लोकर, गडद निळा. पाठ कापली आणि कात्री ठेवली. टेबलावर तिचा आवाज झाला. आपल्या दुकानात तो आवाज कोट अर्धा असताना मी पहिल्यांदा ऐकला. काजवालीने दचकून वर पाहिलं. तिला वाटलं, हात गेला. मी बोटं उघडली, मिटली. कात्री परत घेतली. पुढचे भाग कापले, ठेवली. चहा घेतला. गरम असताना घेतला. एक गिऱ्हाईक येऊन आपली पँट घेऊन गेलं आणि त्याच्याशी मी दोन्ही हात मोकळे असताना बोलले. तो जाताना काजवालीला विचारत होता, मोठ्या बाई आज बऱ्या आहेत ना. मग बाह्या. मग कॉलर. मध्ये किती वेळा ठेवली ते मोजलं नाही. दरवेळी परत उचलली, एवढं मात्र पाहिलं.

उचलता आली, धाकटे. बाबांना ते जमत नव्हतं.

तेव्हा तुझी अट मी पाळलेली नाही. कराराप्रमाणे मी सही करायला हवी. करणार नाही. कागद कोटाच्या आतल्या खिशात आहेत, जसे आले तसे. बटणवाला म्हणेल, ही शब्दाला जागली नाही. त्याला सांग, शब्द बाबांच्या कोपराचा होता आणि ते कोपर आता नाही. मला माझ्या कोपराने कापायचं आहे, अधूनमधून थांबत, दिवसाला पूर्वीपेक्षा कमी, पण कापायचं आहे. दोन थर एकदम नाहीत. हॉटेलवाल्याला सांगून टाकलं. चष्मेवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "विचार करा, वय होतंय." मी म्हटलं, "तुमचाच चष्मा लावून बघा, तसं दिसायचं नाही." त्याने भिंतीवरून हात काढला. फुकटचा चष्माही परत मागितला. अजून दिला नव्हता, तरी.

तुझ्या अटीबद्दल मी तुला उत्तर पाठवू नकोस म्हटलं होतं आणि तू खरंच पाठवलं नाहीस. इतकं ऐकायची तुला सवय नव्हती.

कोट तुझ्या मापाचा आहे. माप तीन वर्षांपूर्वीचं, वहीतून नाही, आठवणीतून. कमरेला शिवणीत जागा सोडली आहे, कारण लग्न माणसाला काय करतं ते मी रोज टेबलावर बघते. बटणं लावलेली नाहीत. तुमच्या घरात ती असावीत.

अस्तर तळाशी मोकळं ठेवलं आहे; उजेडात टेबलावर पसर आणि आतल्या कडा बघत जा. कापताना मी जिथे जिथे थांबले तिथे कड हलली आहे का, ते तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. मशीनवर बसून तू माझी प्रत्येक चुकलेली कड पकडायचीस आणि मोठ्याने सांगायचीस. आताही सांग.

मग अंगात घालून हात वर-खाली करून पाहा. मुंढ्यात, बाही खांद्याला जोडते तिथे, ओढत असेल तर मला पत्र लिहू नकोस. मुंढ्याचं माप पत्रातून घेता येत नाही. त्यासाठी माणूस समोर उभं लागतं.

मोठी